साळवेसरांचा दुसरा चॅनल

९ फेब्रुवारी. आजचं काम: साळवेसरांचा अँप्लिफायर पुसणे, फोटो काढणे, विक्रीची जाहिरात टाकणे.

एस्तेरवहिनी महिनाअखेरीस मुलीकडे पुण्याला जातायत, कायमच्या. माझ्या डोक्यावरचा त्यांचा फ्लॅट रिकामा होतोय. कपाटं गेली, डबल बेड गेला, गिटार जावई घेऊन गेला. राहिला हा अँप्लिफायर. वहिनींना मोबाइलवरून वस्तू विकता येत नाही, मला येते. म्हणून तो सध्या माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे.

लहानसाच आहे. मिक्सरच्या खोक्यात मावेल, पण उचलायला गेलं की आट्याच्या पिशवीसारखा जड लागतो. पुढे काळी जाळी, वर बटणांच्या दोन ओळी. वरची ओळ गिटारसाठी, खालची माइकसाठी. दोन्ही आवाज एकाच जाळीतून बाहेर येतात, पण एकाला चढवलं म्हणून दुसरा चढत नाही. प्रत्येकाचा कारभार वेगळा. मोबाइल जोडायला तिसरी खाच आहे, ती सरांनी वापरली नाही. चार्ज केला की विजेशिवाय चालतो, आणि गाझियाबादेत हा गुण लहान नाही.

खालच्या ओळीत प्रत्येक बटणाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा होता. जखमेच्या ड्रेसिंगला लावतात ती पट्टी. कुठलं बटण कुठवर फिरवायचं त्याच्या खुणा. गिऱ्हाइकाला त्यांचा काही उपयोग नाही. मी एकेक पट्टी सोलून काढली, खाली राहिलेला डिंक खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसला. मग जाहिरात लिहायला बसले. ‘वर्णन’ या रकान्यात लिहिलं, ‘आवाज स्वच्छ.’ आणि लक्षात आलं की हे माझं मत नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. हे सरांचं मत आहे, आणि ते त्यांनी किती उशिरा दिलं तेही मला माहीत आहे.

उशीर हा साळवेसरांचा स्वभाव नव्हता. कुठल्याही नव्या वस्तूबद्दल किंवा माणसाबद्दल ते पहिल्या दिवशी मत देत आणि पुन्हा बदलत नसत. “पहिल्या दिवशी वस्तू दिसते,” ते म्हणत. “दुसऱ्या दिवसापासून आपण तिला सांभाळून घ्यायला लागतो.”

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत रुजू झाले तेव्हा विल्यम साळवे आमच्या सेक्शनचे प्रमुख होते. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी गिटारच्या तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी पर्स आवरत होते तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“अक्षर चांगलं. चहा फार पिता. भांडाल, पण टिकाल.”

मी म्हटलं, “सर, आपण माझ्याशी दिवसभरात एक शब्द बोलला नाहीत.”

“बोललो असतो तर तुम्ही सावध झाला असतात.”

मी भांडले आणि टिकले. कचेरीत नवा कूलर बसला त्या दिवशी सगळे त्याच्यासमोर उभे राहून शर्टाच्या कॉलरी हलवत होते. सर बाजूनं एक फेरी मारून आले. “हवा कमी, पाणी जास्त.” पुढच्या पंधरवड्यात खालच्या मजल्यावरच्या कॅशियरच्या टेबलावर छतातून धार लागली. एक नवे अधिकारी आले, त्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. सर म्हणाले, “साहेबांना फाइल आवडत नाही, फाइलची दोरी आवडते.” ते साहेब बदलून जाईपर्यंत आम्ही दोऱ्याच बांधत होतो.

गाझियाबादेत हा फ्लॅट घ्यायचा ठरवला तेव्हा मी त्यांना मुद्दाम बघायला आणलं. बिल्डरचा माणूस पार्क, लिफ्ट, पॉवर बॅकअप असं काय काय सांगत होता. सरांनी भिंतीवर, मग बूट आपटून जमिनीवर ठोकून पाहिलं. “भिंती पातळ. स्लॅब त्याहून पातळ. शेजार बघून घ्या, बाई.” आणि महिन्याभरात माझ्या वरचाच फ्लॅट स्वतः घेतला. चावी मिळाली त्या दिवशी दारात आले. “सलाम, बाई. शेजाराचं काम झालं.”

स्लॅब खरंच पातळ निघाला. एस्तेरवहिनींचा कुकर, सरांच्या चपला, रविवारी दुपारी गिटार, सगळं मला ऐकू येई. तक्रार करण्यासारखं नव्हतं. वाजवायचे साधंच, गाण्याला साथ देण्यापुरतं. गिटारच्या पट्ट्या विकत घेत नसत. मुदत संपलेली प्लास्टिकची कार्डं कात्रीनं कापून करत: मेट्रोची, दवाखान्याची, वाचनालयाची. एका पट्टीवर त्यांचा स्वतःचा डावा डोळा होता. “हे ओळखपत्र होतं,” मला दाखवून म्हणाले, “आता ओळखीच्या कामाला आलं.”

सर मूळचे नगरकडचे. आजोबा खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर आणि रविवारी उपदेशक. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते; कुणी नोएडाहून येतं, कुणी द्वारकेहून. त्या सभेत गीत सांगण्याचं काम सरांचं. हे सांगणं म्हणजे काय ते मला वहिनींनी समजावलं. इथं वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येतं थोडंफार, वाचता येत नाही. म्हणून सर एक ओळ नुसती बोलून दाखवायचे, स्पष्ट, सावकाश; मग गिटार, आणि सगळे ती ओळ चालीत म्हणायचे. मग पुढची ओळ. खेड्यात त्यांचे आजोबा असंच करायचे, कारण तिथं कुणालाच वाचता येत नव्हतं. सर म्हणायचे, “दोन पिढ्यांत आम्ही शिकलो, तिसरीत पुन्हा तिथंच आलो. फक्त आता गाडीतून येतो.”

नाताळच्या सभेत शेवटचं गीत ठरलेलं असे. ते आजोबांनी रचलेलं, कुठल्याही पुस्तकात नाही. एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळाला ते रात्री परत शोधायला लावतात, असं काहीसं. ते लिहून ठेवा असं लोक म्हणायचे. सभेचा हिशेब बघणारा डॅनियल, तिशीतला, नोएडात कंपनीत आहे, तो तर दर वर्षी म्हणायचा. “अंकल, एकदा बोला ना फोनमध्ये, मी रेकॉर्ड करतो. मग तुम्हाला टेन्शनच नाही.”

“मला टेन्शन नाहीच,” सर म्हणत. “तुला आहे. तू पाठ कर.”

“अंकल, इतनी मराठी!”

“पाच कडवी आहेत. तुझ्या कंपनीच्या पासवर्डपेक्षा सोपी.”

डॅनियल हसायचा. पाठ कुणीच केलं नाही. सांगणारा आहे तोवर पाठ कशाला करायचं?

निवृत्तीनंतर सरांचा आवाज बसायला लागला. दिल्लीत हिवाळ्यात सगळ्यांचाच बसतो, हवाच तशी असते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. उन्हाळा आला तरी सुटला नाही तेव्हा तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला त्या दिवशी ते माझ्या दारात आले, चपला न काढता.

“स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टर चांगला आहे. स्वरयंत्र जाणार.”

मी म्हटलं, “आत या, बसा.”

“वर एस्तेर एकटी आहे. तुम्ही थोड्या वेळानं या. रडू नका, तिला रडायला जागा ठेवा.”

मी रडणाऱ्यातली नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी सांगितलं.

शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या गळ्याखाली रुपयाएवढं भोक राहिलं. श्वास तिथूनच. आत एक छोटी झडप बसवली होती. भोकावर अंगठा दाबला की छातीतली हवा झडपेतून घशात जायची आणि आवाज फुटायचा: खरखरीत, बसका, पंखा चालू असला तर ऐकू न येणारा. तो आवाज पहिल्यांदा निघाला त्या दिवशी मी दवाखान्यात होते. सर म्हणाले, “गंजलेला नळ.” वहिनी हसल्या आणि बाहेर पॅसेजमध्ये निघून गेल्या.

त्या वर्षीच्या नाताळला ते गीत झालंच नाही. सरांनी पहिली ओळ सांगितली, ती फक्त पहिल्या रांगेला ऐकू आली, बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. डॅनियल उठला. “अंकल, आराम करा. आपण दुसरं घेऊ, फोनवर आहे.” त्यांनी दुसरं घेतलं, इंग्रजी. सर गिटार मांडीवर घेऊन बसून राहिले. घरी आल्यावर वहिनींना म्हणाले म्हणे, “एस्तेर, आजोबांचं गीत माझ्यापाशी संपलं तर मी त्यांना काय तोंड दाखवू?” गंजलेल्या नळातून म्हणाले असतील. मला वहिनींनी सांगितलं तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाजही त्याहून फारसा वेगळा नव्हता.

पुढच्या ऑक्टोबरात त्यांनी मला करोल बागेत चला म्हणून सांगितलं. दुकानदार त्यांचं बोलणं समजून घ्यायची तसदी घेत नाहीत, म्हणून बरोबर मी. मेट्रोनं गेलो. गाड्यांचे सीट कव्हर आणि हॉर्न विकणाऱ्या गल्लीत, एका जिन्यावर, वाद्यांचं दुकान होतं. विकणारा मुलखाचा बोलका.

“आंटीजी, अंकलजी को क्या चाहिए? ब्लूटूथ वाला? पार्टी वाला?”

सरांनी अंगठा गळ्यावर नेला. दुकानाबाहेर हॉर्न वाजत होते. विकणाऱ्याला काही कळलं नाही, तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “आप उनकी तरफ देखिए, मेरी तरफ नहीं. एक गिटार, एक माइक. दोनों अलग-अलग कंट्रोल होने चाहिए.”

“अच्छा, गाते हैं अंकलजी?”

सर पुन्हा अंगठा लावून म्हणाले, “बताता हूँ.”

“क्या बताते हैं?”

“लाइन.”

तो आणखीच गोंधळला, पण त्यानं नवीन आलेलं मॉडेल दाखवलं, तेच हे. सरांनी टेबलावर बोटं वाजवली, जाळी हुंगल्यासारखी जवळून पाहिली, माइक लावून घेतला. अंगठा गळ्यावर, माइक ओठांशी. “एक,” असं म्हणाले. दुकानातली माणसं वळली. आवाज खरखरीतच होता, पण होता. रस्त्यावरच्या हॉर्नच्या वर होता.

घरी आणला. संध्याकाळी वर चहाला गेले तर सोफ्यासमोर स्टुलावर तो ठेवलेला, निळा दिवा लागलेला, सर त्याच्यापुढे बसलेले. पहिला अनुभव वाईटच होता. माइकच्या बाजूचा आवाज चढवला की आधी श्वासाचं फुस्स, मग झडपेची टकटक, मग शब्द. जाडसर सूर वाढवला की मडक्यात बोलल्यासारखं, बारीक वाढवला की पत्रा घासल्यासारखं. माइक जाळीसमोर गेला की शिट्टी. वहिनींनी कानांवर हात ठेवले. गिटारची बाजू मात्र लगेच जमली. नवं काही नाही, आपली गिटारच, पण खोलीच्या कोपऱ्यापर्यंत पोचणारी.

मी सवयीनं विचारलं, “सर, कसा आहे?”

त्यांनी अंगठा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला. “उद्या सांगतो.”

इतक्या वर्षांत हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनीही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही. दिवाळीच्या आसपास फटाक्यांच्या धुरानं त्यांना खिडक्या लावून बसावं लागे. तेवढ्या काळात त्यांनी त्या खालच्या ओळीतल्या बटणांचा अभ्यास केला. एकेक केसभर फिरवायचं, एक ओळ बोलायची, पट्टी लावायची. अडचण हातांची होती. गिटारला दोन हात लागतात, आणि आता बोलायलाही एक लागत होता. बोलायचं तेव्हा वाजवता येत नव्हतं, वाजवायचं तेव्हा बोलता येत नव्हतं. पण गीत सांगायला तेच हवं असतं. आधी ओळ, मग गिटार. माइक उभ्या दांडीला लावला. अंगठा गळ्यावर, ओळ; अंगठा काढला, गिटार. मला खाली सगळं ऐकू यायचं, आणि गिटारपेक्षा शब्दच जास्त स्पष्ट. मी भाजी चिरत असे, कपड्यांच्या घड्या घालत असे, आणि डोक्यावर तो गंजलेला नळ सावकाश बोलत असे:

सांज झाली, वाट सरली,
मेंढरे ही घरी वळली,
एक मागे राहिले रे,
मोज पुन्हा, मोज.

मला वैताग आला नाही असं नाही. एकदा वर जाऊन म्हटलं, “सर, तिसऱ्या कडव्यात तुम्ही रोज अडखळता.” ते म्हणाले, “तिथं दम लागतो. दोन ओळींत श्वास घ्यायला जागा नाही. आजोबांना दोन फुप्फुसं आणि एक गळा होता.”

नाताळच्या आठवड्यातली सभा साळवेंच्याच घरी झाली. सोफे भिंतीला लावले, सतरंज्या घातल्या, चाळीसेक माणसं होती. बाहेर हवा इतकी वाईट की समोरची इमारत दिसत नव्हती. मी नाश्त्याच्या मदतीला गेले होते, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सरांनी गळ्याला पांढरा जाळीदार रुमाल बांधला होता, वर कोट. अँप्लिफायर स्टुलावर, निळा दिवा.

पहिली ओळ सांगितली. खोलीतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेली. शिट्टी नाही, मडकं नाही, पत्रा नाही. माणसाचा आवाज, म्हातारा, खरखरीत, पण माणसाचा. मग गिटार, आणि सगळे म्हणायला लागले. लहानमोठे सगळे डोळे मिटून. ही त्यांची पद्धत आहे. सर जे बोलतील ते चालीत म्हणायचं. अर्थ नंतर, कधीतरी, किंवा कधीच नाही. मेंढरं, कळप, कुंपण हे शब्द त्या मुलांनी दुसरीकडे कुठं ऐकले नसतील, पण उच्चार अगदी सरांसारखे.

तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीनंतर ते अडले. नेहमीसारखा दम लागलाय असं मला वाटलं. पण अंगठा काढला तरी छाती वर जाईना. सुक्या हवेनं त्या भोकात कफाची गाठ धरायची, घरी वहिनी मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून ती सोडवायच्या. सरांनी पुन्हा अंगठा लावला, आणि उरलेल्या हवेत माइकमध्ये बोलले, सवयीनं, स्पष्ट, सावकाश:

“थांबा. मिठाचं पाणी.”

आणि खोलीनं ते म्हटलं. चालीत. चाळीस माणसांनी, डोळे मिटून, शेवटचा सूर लांबवत, थांबा, मिठाचं पाणी. लहान मुलांनी, डॅनियलनं. वहिनींनीही म्हटलं. त्या पहिल्या रांगेत होत्या, हात जोडलेले.

गाण्यात नसलेली एकटी मीच होते. बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. मी सतरंजीवरच्या माणसांना ओलांडत गेले, कुणाच्या तरी हातावर पाय पडला, सरांचा रुमाल ओढला आणि थेंब टाकले. ते खोकले, गाठ बाहेर पडली, श्वास आला. तोंड निळसर झालं होतं. तोवर गाणं थांबलं होतं आणि कुणीतरी विचारत होतं, “क्या हुआ? क्या हुआ अंकल को?”

राहिलेली दोन कडवी झाली नाहीत. सरांनी हातानं खूण केली, म्हणा, मी सांगतो. कुणाची छाती झाली नाही. डॅनियल गुडघ्यावर बसून त्यांचा हात धरून म्हणाला, “अंकल, प्लीज. आता बस. नेक्स्ट इयर आपण टीव्हीवर रोमन में लिरिक्स लावू.” चांगला मुलगा आहे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. सरांनी गिटार खोळीत घातली.

दुसऱ्या दिवशी मी रिकामी भांडी द्यायला वर गेले. सर बाल्कनीच्या काचेआड बसले होते. अँप्लिफायर शेजारी, बंद.

मी म्हटलं, “सर, तुमचं मत राहिलंय.”

त्यांनी अंगठा लावला. “यंत्र चांगलं आहे. आवाज स्वच्छ.” थोडा श्वास घेतला. “शब्द न् शब्द ऐकू गेला.”

आतून वहिनी आल्या, माझ्या हातातली भांडी घेतली आणि त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, “मीही म्हटलं हो, शैलाताई. मला मराठी येतं ना? मीही म्हटलं.” आणि भांडी घेऊन आत गेल्या.

जानेवारीत छातीत संसर्ग झाला. मी वहिनींसाठी दूध घेऊन लिफ्टमधून त्यांच्या मजल्यावर जात होते. दार उघडलं तर समोर चाकाच्या खुर्चीत सर. गुडघ्यांवर घोंगडी, मागे अँब्युलन्सचा माणूस, त्याच्या मागे पिशवी घेतलेल्या वहिनी. मी बाहेर आले, त्यांना आत घेतलं. सरांनी मला पाहिलं आणि हात वर नेला, अंगठा गळ्याकडे. अँब्युलन्सच्या माणसाला वाटलं, ते गळ्यावरची पट्टी ओढतायत. त्यानं मऊपणानं हात खाली घेतला. “हाथ नीचे, बाबूजी. कुछ नहीं होगा.” सरांनी पुन्हा वर नेला. त्यानं पुन्हा खाली घेतला आणि धरून ठेवला. ओठ हलले. मी म्हटलं, “काय, सर?” तेवढ्यात दार मिटलं. लिफ्ट खाली गेली.

ते त्यांचं शेवटचं दर्शन. दवाखान्यात अतिदक्षता विभागात भेटू देत नव्हते.

दफनाला ऊन होतं, जानेवारीतलं पांढरं. पाळकांनी वचनं वाचली. आजोबांचं गीत म्हणावं असं वहिनींनी सांगितलं, पण सांगणार कोण? डॅनियलला पहिली ओळ आठवत होती. वहिनींना चाल पूर्ण येत होती, आणि ओळ कानावर पडली असती तर प्रत्येक ओळ म्हणता आली असती, पण पुढची कुठली ते आठवेना. “मला कधी आठवावीच लागली नाही,” त्या म्हणाल्या, “हे सांगायचे.” शेवटी मोबाइलवरून एक हिंदी भजन घेतलं. उन्हात स्क्रीन दिसत नव्हती, म्हणून तेही एकाच कडव्यात संपलं. मग माती लोटल्याचे आवाज.

जाहिरात ९ तारखेच्या संध्याकाळी टाकली. तासाभरात गुरुग्रामहून एका मुलीचा फोन आला. दिवसा नोकरी, शनिवारी कॅफेत गाते. सकाळी येते म्हणाली.

१० फेब्रुवारीला सकाळी मी अँप्लिफायर उचलून वर नेला; वस्तूचा व्यवहार मालकिणीच्या घरात झालेला बरा. वहिनी आतल्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांत चादरी भरून त्यांना चिकटपट्टी लावत होत्या. बाहेरच्या खोलीत फक्त स्टूल होतं. मुलगी स्वतःची गिटार घेऊन आली होती. वरची ओळ तिनं लगेच तपासली, मान डोलावली. मग माइक माझ्या हातात दिला.

“आंटी, आप कुछ बोलिए ना, मैं दूर से सुनती हूँ. दूसरा चैनल भी देख लूँ.”

“क्या बोलूँ?”

“कुछ भी.”

मी माइक तोंडाशी धरला. वन टू थ्री म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं, “सांज झाली, वाट सरली.” सावकाश, तुटक, आवाजात चढउतार न करता. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं ते येतच नव्हतं.

आतल्या खोलीत चिकटपट्टीचा आवाज थांबला. आणि वहिनींनी ती ओळ म्हटली. चालीत, आतूनच, मोठ्यानं.

मुलगी म्हणाली, “जी?”

मी तिला हातानं थांब म्हटलं आणि दुसरी ओळ सांगितली. वहिनींनी म्हटली. तिसरी. चौथी. दफनाच्या दिवशी मला ते येतं हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. आताही वाटलं एक कडवं येत असेल, पण पुढचं आलं, मग त्याच्या पुढचं, अडीच ‌महिने छतातून गळालेलं सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या कडव्यात सर जिथं अडायचे तिथं मी थांबले, कारण मला ते तसंच येत होतं. वहिनीही थांबल्या. मग पुढची ओळ सांगितली.

पाचही कडवी झाली. वहिनी बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं चिकटपट्टीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मुलगी म्हणाली, “आवाज़ बहुत क्लियर है.”

मी म्हटलं, “हां. शब्द-शब्द सुनाई देता है,” आणि वायर गुंडाळून अँप्लिफायर तिच्या गाडीत ठेवून आले. मग डॅनियलला फोन लावला आणि त्याला म्हटलं, येत्या रविवारी माझ्याकडे ये, पाच कडवी आहेत, पाठ करायची आहेत.